दुरुस्तीचे पाचशे

काल एका मामांनी माझ्या बिलातून 500 रुपये कापले. "दुरुस्तीचे," म्हणाले. स्टुडिओ माझा, वायर माझी, ज्या ब्लेडनं ती सोलली तेही माझं.

सोलापुरात नवी पेठेत माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. चार कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत फोर-के, म्हणजे एका लग्नाचा 600 जीबी माल. तो ठेवायला यंदा चार हार्ड डिस्कची नॅसची पेटी, म्हणजे वायरीनं कॉम्प्युटरला जोडायचं फाइलींचं गोदाम घेतलं, त्या वायरी जिथं एकत्र येतात तो 10 गिगाबिटचा स्विच घेतला, कॉम्प्युटरला तसंच कार्ड घेतलं. किती पैसे गेले ते बायकोला माहीत नाही, तिला इथं कळायला नको. दुकानदार म्हणाला होता, "पळंल!" पळत होती सेकंदाला 11 एमबी. 600 जीबीला 15 तास. लग्न मंगलाष्टकांसकट पाऊण तासात लागलं होतं.

दोन रात्री मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की पित्त उठतं. नॅस बंद-चालू केली. डिस्का तपासल्या, चारही ठणठणीत. मग कुणीतरी सांगितलं, वायरीतून डेटा ज्या पाकिटांत जातो त्यांचा आकार 1500 वरून 9000 करा. केला, पण फक्त कॉम्प्युटरवर. पिंग, म्हणजे नुसती हाक, जात होतं, फाइल मात्र हलेना. वरात मांडवाच्या दारात आणि नवरदेव हत्तीवर, तशी गत. पुन्हा 1500 केलं, पुन्हा 11. आणि या सगळ्यात सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड 100' असं स्वच्छ लिहिलेलं मी तीनदा वाचलं होतं. 100, 1000, 10000... रात्री दोन वाजता शून्यं कोण मोजतो? त्यात ते बिट, मेगाबिट; 10 गिगाबिटला 10000 हवेत. आठनं भागायचं, मग बाइट. 100 ला आठनं भागलं की साडेबारा, त्यातून वरखर्च वजा करा, राहिले 11. उत्तर समोर होतं आणि मी हार्ड डिस्कला कान लावून बसलो होतो.

अशात काल दुपारी नवरीचे मामा आले. बाहेर 43 डिग्री, हातात पिशवी, पिशवीत भाजलेल्या शेंगा आणि एक जुनी हार्ड डिस्क. "सगळं कच्चं शूटिंग द्या. जेवणाच्या पंगतीचं पण." पंगतीचं का, तर व्याह्यांकडच्या एका माणसानं तीनदा जिलेबी घेतली होती आणि मामांना पुरावा हवा होता.

"मामा, उद्या या. स्पीड येईना झालंय."

"बसतो की," म्हणाले आणि एसीसमोर बसले. पंधरा तासांची तयारी करूनच आल्यासारखे.

मामा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे मागांचे डॉक्टर. खटाखट आवाज ऐकून कुठला माग आजारी आहे ते सांगायचे म्हणे. त्यांनी स्विचला कान लावला.

"आवाज नाही."

"मामा, त्याला आवाज नसतो."

"मग बिघडलंय कसं कळतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चहा मागवला. चहा पिताना मामांनी वायर बोटांत धरली, चुरगाळली, सुताची लडी बघावी तशी. "ह्यात धागे किती?"

"आठ. दोन-दोनचे पीळ, चार जोड्या."

"चालू किती?"

"चालू म्हणजे?"

"आमच्या ताण्यातला एक धागा तुटला तर माग थांबतो. खट्! माणूस येतो, गाठ मारतो. तुमचं थांबतंय का?"

आणि इथं माझ्या डोक्यात खट् झालं. थांबत नाही, हीच तर गोम! गिगाबिटला आणि 10 गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चारच पुरतात. एखादी तार गेली की ही यंत्रं बोंब मारत नाहीत, गुपचूप खाली उतरतात आणि 100 वर संसार सुरू ठेवतात. मी हे मामांना समजावून सांगितलं, पण मामा ऐकत नव्हते. ते लायटर शोधत होते.

"सूत खरं की खोटं ते जाळून कळतं. खरं कापूस असलं तर कागदाचा वास, राख. पॉलिस्टर असलं तर गोळी होते."

"मामा, वायर आहे ती!"

जाळलीच. स्टुडिओत काळा धूर, खिडक्या उघडल्या, एसीची हवा नवी पेठेला फुकट. मग माझ्या टेबलावरचं ब्लेड घेऊन त्यांनी तार खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी.

"मुलामा!" मामा असे खूश झाले जणू जिलेबीवालाच सापडला.

अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर ठळक 'कॅट सिक्स', म्हणजे वेगवान नेटवर्कच्या वायरीचा दर्जा, बिलावर तांब्याचा भाव. मुरडली की तुटते, आणि फॉल्स सीलिंगवाल्या पोरानं ती कोपऱ्यात काटकोनात मुरडली होती. इथं मला खरंच चीड आली. अजून आहे. पेटी, स्विच, कार्ड यांची किंमत हजारांत, आणि फसवणूक झाली मीटरवर मिळणाऱ्या वस्तूत. उजनी काठोकाठ भरते, आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड येतो, आणि मधल्या पाइपाबद्दल विचारलं की जो तो धरणाचा फोटो दाखवतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सगळे हीच नेतात. तक्रार पहिली तुमचीच."

नॅसची पेटी मी आणि मामांनी चादरीत घालून शेजारच्या खोलीतून उचलून आणली, टेबलावर ठेवली, कार्डाबरोबर आलेली दोन मीटरची अस्सल वायर लावली. नुसती लाइन मोजली तर 9.4 गिगाबिट. फाइल ओढली, सेकंदाला 400 एमबीच्या वर. डिस्का फिरत्या आहेत, त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं म्हणजे सासूकडून कौतुकाची. मी खुर्चीवरून उठून नाचलो. मामांनी शांतपणे बिल मागितलं, 500 कापले आणि बाकीचे नोटा मोजून दिले.

मग त्यांची हार्ड डिस्क जोडली. निळी, जाडजूड, यूएसबी टूच्या, म्हणजे जुन्या संथ जोडणीच्या काळातली.

सेकंदाला 35 एमबी. पाच तास.

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. "परत खाली उतरलं."

"मामा, आता वायर नाही, तुमची डिस्क आहे. जुनी आहे ती."

"डिस्क माझी चांगली आहे," मामा म्हणाले, "भाच्यानं दुबईहून आणलीय." आणि पिशवीतून ब्लेड काढलं. माझंच होतं.