हिरवं पाणी म्हणजे धातूमुक्त पाणी नव्हे

पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय : ‘मुठा नदीचं पाणी हिरवं आहे, म्हणजे शेवाळ जगतंय, म्हणजे पाण्यात जड धातू नाहीत.’ असं नसतं हो!

सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ फोफावतं. नदीवरच्या भिडे पुलावरून दिसतो तो रंग धातूंबद्दल काहीच सांगत नाही. जड धातूंपैकी तांब्याचंच बघा. ते शेवाळाला किंचित लागतंच. पण जास्त झालं की हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा बळकावतं. मग प्रकाशसंश्लेषण मंदावतं, रंग मात्र हिरवाच राहू शकतो. (तांबंयुक्त हरितद्रव्य इतकं पक्कं, की ‘ई १४१’ नावाने खाद्यरंग म्हणून वापरतात!) शिवाय काही जाती धातू पेशीत बांधून ठेवून तगतात. धातू तपासायचे तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. पुलावरचा फोटो चालत नाही.