दोन औषधांच्या मधले दिवस

गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. वय २६, एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान होऊन जेमतेम वर्ष झालंय. "ताई, डॉक्टरांनी औषध बदललं. नवीन गोळी चिठ्ठीवर आहे, पण जुनी कधी थांबवायची ते लिहिलंच नाही. फोन करतेय तर कुणी उचलत नाही." तिचा आवाज ऐकून मला माझे ते १९ दिवस आठवले.

मला हा आजार २०१४ मध्ये कळला. उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं आणि शेवटी सोलापूरहून पुण्याला न्यूरॉलॉजिस्टपुढे जाऊन बसले. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाते, एवढं तेव्हा समजलं. तेव्हापासून माझं हे चौथं औषध आहे.

या औषधांची एक अडचण घरच्यांना समजावता समजावता मी थकते. ती घेऊन बरं वाटत नाही. डोकेदुखीची गोळी घेतली की तासाभरात फरक कळतो. इथे औषध लागू पडलं तर काहीच घडत नाही, म्हणजे नवा झटका येत नाही, पाय लुळा पडत नाही. न घडलेली गोष्ट दिसणार कशी? म्हणून माझ्या आत्या अगदी मायेनं म्हणतात, "आता चालतेस ना नीट, मग कशाला पोटात एवढी औषधं?" आणि म्हणूनच ही औषधं काही दिवस सुटली तर कुणाला त्याचं गांभीर्य वाटत नाही. कधी कधी पेशंटलाही नाही.

पहिलं होतं इंटरफेरॉनचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा. शनिवारी रात्री घ्यायचं आणि रविवार थंडी-तापात काढायचा. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून मे महिन्यात पुण्याहून आणताना मांडीवर बर्फाचा डबा असायचा. त्यावर असतानाच डावा पाय लुळा पडला, म्हणून डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या आल्या. त्यांनी चेहरा आणि कान लालभडक व्हायचे. भरपेट जेवून घ्यायला लागल्यावर ते कमी झालं, पण रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली गेल्या आणि वर येईनात. मग फिंगोलिमॉड.

फिंगोलिमॉडचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. आधी कांजिण्यांच्या अँटीबॉडीजची तपासणी आणि डोळ्यांची तपासणी झाली. पहिल्या गोळीनं हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून गोळी घेतल्यावर सहा तास हॉस्पिटलात, दर तासाला नाडी आणि बीपी, आधी एक ईसीजी आणि नंतर एक. सगळं नीट केलं त्यांनी. फक्त हे औषध मध्येच खंडलं तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

दोन वर्षांनी आमच्या मेडिकलमध्ये माल संपला. "दोन दिवसांत येईल," असं म्हणता म्हणता १९ दिवस गेले. हेच औषध दुसऱ्या कंपनीचं बाजारात होतं, पण चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव होतं आणि मेडिकलवाले स्वतःच्या मनानं ते बदलून द्यायला तयार नव्हते. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. विसाव्या दिवशी पाकीट आलं. मी पाण्याचा ग्लास हातात घेतला होता. नवरा म्हणाला, आधी विचारून घे. हॉस्पिटलात फोन केला तर डॉक्टर थेट पुढच्या मंगळवारी भेटणार. शेवटी पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद भिंगाखाली धरून वाचला. १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पुन्हा पहिल्या दिवसासारखंच देखरेखीखाली सुरू करायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. पुण्याला गेलो. त्या दिवशी माझी नाडी ४८ पर्यंत उतरली. तिथे मॉनिटर होता, नर्स होती. घरी गॅसजवळ उभी राहून मी ती गोळी घेणार होते.

आणखी एक प्रसंग. एमएसमध्ये लघवीचा त्रास बऱ्याच जणांना होतो, मलाही संसर्ग होतो. एकदा गावातल्या डॉक्टरांनी त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. पायांचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून मी टिझॅनिडिन घेत होते. ही दोन औषधं एकत्र घ्यायचीच नसतात. सिप्रोमुळे टिझॅनिडिनचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं आणि बीपी कोसळतं. मी बाथरूमच्या दारात पडले. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ताठरपणाच्याच बॅक्लोफेनचीही गंमत समजू नका, ते एकदम बंद केलं तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते.

म्हणून माझं ठाम मत आहे की औषध बदलणं म्हणजे नव्या गोळीचं नाव लिहिणं नव्हे. मधले दिवससुद्धा चिठ्ठीवर लिहिले गेले पाहिजेत. जुन्याचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला, नव्याचा पहिला कधी, मध्ये कोणत्या तपासण्या, कोणता आकडा आला तर थांबायचं, आणि डोस चुकला तर कुणाला फोन करायचा. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, मला माहीत आहे. न्यूरॉलॉजिस्ट आहेत तरी किती आपल्याकडे! पण हे लिहायला दोन मिनिटं लागतात. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हे तर मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच डॉक्टरांना सांगितलं आहे. ते नाव असतं तर माझे १९ दिवस गेलेच नसते.

पुढे एमआरआयमध्ये नवा डाग दिसला आणि रिटुक्सिमॅबवर, म्हणजे सलाईनमधून द्यायच्या औषधावर जायचं ठरलं. तेव्हा मी कोरा कागद घेऊनच आत गेले. फिंगोलिमॉड थांबवल्यावर काही जणांचा आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळतो, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता, हे मी वाचलं होतं. मी म्हटलं, "सर, मधे किती दिवस मी औषधाविना असेन ते लिहून द्या." त्यांनी मान वर करून पाहिलं आणि सगळं लिहून दिलं. हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी, लसी आधी उरकायच्या, मधल्या काळात रक्त कधी तपासायचं, सलाईनची तारीख. राग नाही, चिडचिड नाही. तो कागद अजून फाईलमध्ये पहिल्या पानावर आहे. त्यामागे मी सध्याच्या सगळ्या औषधांची नावं लिहिली आहेत, दातांच्या डॉक्टरांकडे गेले तरी आधी तोच कागद पुढे ठेवते.

त्या मुलीला जुनी गोळी थांबव किंवा चालू ठेव असं मी काहीच सांगितलं नाही, ते सांगणारी मी कोण? माझ्या कागदाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, भावाला घेऊन ओपीडीत जा, डॉक्टरांना याच जागा भरून द्या म्हण. काल तिचा मेसेज आला. जुनी गोळी आणखी काही दिवस चालू ठेवायची आहे आणि गुरुवारी रक्त द्यायला जायचंय.