दशांशातलं संगीत

अल्बम शुक्रवारी येतो आणि सकाळच्या चहाआधी समीक्षकांचा निकाल तयार! तोही दशांश चिन्हासकट. ७.३ आणि ७.४ यांच्यात नेमका कुठला सूर कमी पडला, ते एकदा सांगा की राव! 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने २००१ साली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी' अल्बमला दहापैकी ६.४ दिले आणि २०२१ मध्ये त्यालाच चक्क १०. गायिका लिझ फेअरच्या अल्बमला २००३ मध्ये भोपळा, नंतर ६. (फेरतपासणीची फी कोणी भरली म्हणे?) मेटल असो, रॅप असो, विशेषणं तीच: 'परिपक्व', 'आजवरचा सर्वांत वैयक्तिक'. ड्रमरने काय वाजवलं, मिक्सिंगमध्ये बास कुठे गाडला गेला, यावर अवाक्षर नाही. गायिकेच्या घटस्फोटावर मात्र तीन परिच्छेद!