ड्रॅक्युलाचे नियम जुने झाले म्हणणाऱ्यांनो

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. व्हॅम्पायरला, म्हणजे त्या रक्त पिणाऱ्या भुताला, लसूण आणि क्रॉस चालत नाही, उन्हात त्याची राख होते, सगळं आधीच माहीत असतं मग भीती कसली, आणि हे गोऱ्यांचं खूळ आपल्याला हवंय कशाला, आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे. मला खरंच राग आला. पुण्यात घरी बसून असं म्हणणं सोपंय.

पहिलं म्हणजे हे नियम काही अनादी नाहीत. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त ताकद कमी होते. उन्हानं मरणं आलं ते जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२च्या 'नोस्फेरातू' या सिनेमातून. तो सिनेमा परवानगी न घेता काढलेला, स्टोकरच्या बायकोनं केस केली, कोर्टानं प्रिंट नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या आणि तो नियम कायमचा चिकटला. १९५८ला ड्रॅक्युला बनून नट ख्रिस्तोफर ली आला, रंगीत पडद्यावर रक्ताळलेले सुळे घेऊन. म्हणजे प्रत्येकानं नियमात काहीतरी घातलंय, आणि बघणाऱ्याला धाकधूक असते ती यावेळी कुठला मोडणार याची.

पण मला धरून ठेवतात ते दोनच. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही आणि झोपायला स्वतःच्या देशाची माती लागते. ड्रॅक्युला मातीच्या पन्नास पेट्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबीला उतरतो. आपला मुंजा पिंपळ सोडत नाही, त्याला परमुलुखाचं काय कळणार?

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, बँक हॉलिडेला व्हिटबीला जाऊन येतो, काउन्सिल टॅक्स वेळेवर भरतो, तरी फोनवर बोलताना उच्चार सांभाळतो. कादंबरीत ड्रॅक्युलाही हेच करतो, त्याच्याकडे आलेल्या हार्कर नावाच्या इंग्रज वकिलाला म्हणतो माझं इंग्रजी सुधार, लंडनमध्ये मला कुणी परका म्हणून ओळखायला नको. आणि १९३१च्या सिनेमात ड्रॅक्युलाचं काम केलं नट बेला लुगोसीनं, स्वतःच्या हंगेरियन उच्चारांसकट, आणि तेच उच्चार जगभर व्हॅम्पायरचे झाले! जे लपवायचं होतं तेच लोकांच्या लक्षात राहिलं. हे मला फार लागतं.

आणि खरं सांगू, आता गावी गेलो तरी कुणी 'ये आत' म्हणेपर्यंत मी दारात थांबतो. आधी असा नव्हतो मी.

ग्रुपवर म्हणतील याला तिकडचं वेड लागलंय. म्हणू देत. आधी कादंबरीचं दुसरं प्रकरण वाचा, मग भांडू.