सही माझीच आहे साहेब

2024 च्या विधानसभेला आमच्या बिल्डिंगमधल्या अण्णांना अपक्ष उभं राहायची हुक्की आली. आता मान्यताप्राप्त पक्षवाल्याला अर्जावर नाव सुचवून सही करणारा एक सूचक पुरतो पण अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघातले, म्हणून धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री अण्णा फॉर्म घेऊन दारात. मी बायकोला चकल्या पाडून देत होतो, हात पुसले न पुसले आणि फ्रिजला कागद टेकवून सही ठोकली.

सकाळी फोन. "अरे ही सही आहे का सोऱ्यातून पडलेलं कडबोळं?"

अण्णांच्या डोक्यात सुरत बसलं होतं. त्याच वर्षी लोकसभेला तिथे काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच लिहून दिलं की या सह्या आमच्या नाहीत, अर्ज बाद, बाकीच्यांची माघार आणि भाजपचा उमेदवार मतदान न होताच खासदार.

मला खरं टेन्शन नावाचं होतं. मतदार यादीत माझं नाव ऱ्हस्व, आधारवर दीर्घ, आडनावातल्या 'ळ' चा 'ल' झालेला. पण गंमत बघा, नावातल्या असल्या बारीक चुका 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच माफ आहेत. सही मात्र खरी पाहिजे, आणि माझी सही म्हणजे दहावीच्या हॉलतिकिटावर एक, बँकेत दुसरी (चेक दोनदा परत आलाय), ओटीपी आल्यापासून तर हाताला सवयच राहिली नाही. पोराच्या प्रगतीपुस्तकावर माझी सही बायको करते, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा हुबेहूब करते.

30 ऑक्टोबरला छाननी. उमेदवाराबरोबर एकच सूचक आत सोडतात, अण्णांनी मलाच नेलं, जिवंत पुरावा म्हणून. समोरच्या वकिलाने बरोब्बर माझ्याच सहीवर बोट ठेवलं. निवडणूक निर्णय अधिकारी साहेब म्हणाले, तुमचीच का? हो म्हणालो, पण आवाज असा निघाला जसं काही सायकल चोरलीय. मग कागद पुढे केला, करून दाखवा. केली. ती तिसरीच निघाली! अण्णांनी डोळे मिटले. माझ्याच खाली तळमजल्यावरच्या आजींचा अंगठा होता, तो साहेबांसमोर उमटवलेला आणि त्यांनीच साक्षांकित केलेला, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सूचक स्वतः माझी म्हणतोय म्हणाले आणि अर्ज वैध केला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 4 नोव्हेंबरला अण्णांनी माघार घेतली. का ते अजून सांगत नाहीत. माघारीच्या कागदावर सही मात्र मोत्यासारखी होती.