गेटवर ठेवून आलेलं भडंग

सांगलीतून निघताना आईने डबा भरून दिला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन पुडे भडंग. आयपीएलची मॅच होती, पुतण्या-पुतणी पहिल्यांदाच स्टेडियम बघणार होते. गेटवर (मैदानाचं नाव घेत नाही) डबा आणि पाण्याच्या बाटल्या बाहेरच ठेवायला लावल्या. आत पाणी मिळत होतं, पण बाटलीतून कागदी ग्लासात ओतून. बाटलीवर छापील किंमत असते, ग्लासावर काहीच छापलेलं नसतं. चौघांचं पाणी, वडापाव, पॉपकॉर्न मिळून एका तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले. शेवटच्या पाच ओव्हर पुतणीने पाणी मागितलंच नाही. काकाचे पैसे संपत आलेत हे त्या नऊ वर्षांच्या पोरीला कळलं होतं. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

घरी आल्यावर हिशेब मांडून बघितला. ग्लास विकणाऱ्या पोराचा यात दोष नाही. आत स्टॉल लावायचा ठेका घेताना कंत्राटदार आयोजकाला मोठी रक्कम नाहीतर विक्रीतला हिस्सा देतो, आणि ती भरपाई वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी करायची असते. बाहेरून काही आणायचं नाही, शेजारी दुसरा गाडा नाही, मग भाव उतरणार कसा? त्यात तिकिटावरचा कर. आयपीएलच्या तिकिटाला आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हजाराचं तिकीट चौदाशेला पडतं.

आमच्या जिल्ह्यात कुंडलच्या कुस्ती मैदानात डोंगरउतारावर हजारो लोक बसतात. तिकीट नाही. इनामाचे पैसे वर्गणीतून आणि देणगीदारांकडून उभे राहतात. मैदानाच्या कडेला भेळेचे, रसाचे गाडे ओळीने लागलेले असतात. एकाने भाव चढवला तर गिऱ्हाईक चार पावलं पुढे जातं, आणि घरच्या भाकरीचं गाठोडं सोडून खाणाऱ्याला कुणी हटकत नाही.

क्रिकेटचं स्टेडियम वर्गणीवर चालणार नाही, हे मान्य. पण स्वस्त विकून धंदा बुडतो, हेही खरं नाही. अमेरिकेत अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्थर ब्लँक यांनी खाण्याचे भाव जुन्या स्टेडियमच्या जवळपास निम्म्यावर आणले. हॉटडॉग दोन डॉलर, पुन्हापुन्हा भरून घेता येणारं कोल्ड्रिंकही दोन डॉलर. तरी पहिल्याच हंगामात दर प्रेक्षकामागे खाण्यापिण्यावरचा खर्च १६ टक्क्यांनी वाढला. एरवी हात आखडून बसणारा माणूसही मोकळेपणाने घेऊ लागला. आपल्याकडेही, आपल्या सांगलीची स्मृती मानधना खेळली त्या २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं १०० रुपयांपासून होती. मनात असलं की जमतं.

पाण्याच्या बाबतीत तर मला कुठलाच युक्तिवाद पटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क सिनेमागृहांना दिला, पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यायलाच हवं असंही सांगितलं. सिनेमाला माणूस एसीत तीन तास बसतो. इथे एप्रिलच्या उकाड्यात चार-चार तास.

राज्याच्या क्रिकेट संघटनेला पत्र लिहितोय. मागण्या दोनच: प्रत्येक स्टँडमागे मोफत पाण्याचे नळ, आणि लहान पोरांचा घरचा डबा तपासून आत सोडावा. कुणाला सही करायची असेल तर रविवारपर्यंत कळवा.