१८ महिने का थांबू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

एचआयव्हीबाधित आईच्या दीड महिन्याच्या बाळाच्या टाचेला सुई टोचून घरावर एचआयव्हीचा शिक्का मारून घेण्यापेक्षा १८ महिने थांबावे, तेव्हा साध्या तपासणीतच खरे काय ते कळते, असे आपण लिहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करताना ही भीती मी अनेक मातांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. तरीही थांबण्याचा सल्ला मला मान्य नाही.

साधी तपासणी एचआयव्हीची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते. ती आईकडून नाळेवाटे बाळाला मिळतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे त्याआधी ही तपासणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण झालीच, असे म्हणता येत नाही. इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु लागण झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. ज्या निकालाची वाट पाहावी असे आपण म्हणता, तो येईपर्यंत यांतील कितीतरी बाळे आईच्या मांडीवर उरलेलीच नसतात. दक्षिण आफ्रिकेतील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवड्यांच्या आत औषधे सुरू केलेल्या बाळांमधील मृत्यू, आजार बळावेपर्यंत उपचार लांबवलेल्या बाळांच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणूनच सहाव्या आठवड्यात टाचेतील रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेऊन, वाळवून प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि तेथे पीसीआर पद्धतीने प्रतिपिंडांऐवजी खुद्द विषाणूचाच शोध घेतला जातो. वाळलेल्या नमुन्याला प्रवासात बर्फाची पेटी लागत नाही. धारणी किंवा झरी जामणीसारख्या दुर्गम तालुक्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. निकाल निगेटिव्ह आला तरी अंगावरचे दूध सुरू असेपर्यंत धोका पूर्ण टळत नाही, त्यामुळे पुढच्या तपासण्या आणि १८ महिन्यांची अंतिम तपासणीही करावीच लागते. आपण सुचवलेली तपासणी रद्द होत नाही. तिच्याआधी बाळ वाचवण्याची एक संधी मिळते, एवढेच.

आता शिक्क्याविषयी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचे बंधन घातले आहे, पण ज्या गावात दवाखान्यात कोण गेले हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते, तेथे केवळ कायद्याचा हवाला देऊन आईचे समाधान होत नाही, हे मी जाणतो. मी मातांना एवढेच सांगत असे की, दीड महिना म्हणजे बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या डोसाचेही वय आहे. लस ग्रामीण रुग्णालयातच घ्यावी, म्हणजे त्याच फेरीत नमुना देता येतो आणि घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीची ही तारीख बहुधा माहेरीच येते आणि नोंद मात्र सासरच्या तालुक्यात राहते. म्हणून माहेरचे गाव आणि तालुका तिने प्रसूतीआधीच समुपदेशकाला सांगून ठेवावा.